वाचून दाखवले, समजले

मंगळवार, १ फेब्रुवारी १९९४

ही डायरी बेअरिंगवाल्यांनी आमच्या मॅनेजरना, उदयसिंहसाहेबांना दिलेली. साहेबांकडे पाच आल्या, त्यातली रेक्झिन उसवलेली माझ्याकडे आली. जानेवारी कोराच गेला. लिहायचं तरी काय? सकाळी पावण्याच्या कारखान्यात जायचं, टाइप करायचं, संध्याकाळी कोपरखैरण्याला परत यायचं. एकवीस वर्षं दुसऱ्यांचंच लिहिते आहे.

आज हजेरीचे तक्ते आणायला खाली शॉपमध्ये, मशीनींपाशी गेले, तर तीन नंबरचा प्रेस बंद. आमच्याकडे डब्यांची पत्र्याची झाकणं होतात. प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोकळा खाली येत नाही. म्हणजे तो येतो तेव्हा दोन्ही हात बाहेर असतात. कुणीतरी डाव्या बटणावर काळी चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. मग एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण. झाकणं दीडपट निघतात.

संघमित्रा मशीनपुढे उभी होती. रबाळ्याहून येते ती, चोवीस-पंचवीसची असेल.

"चालव की गं," सुपरवायझर हौसेराव म्हणत होते. "बाकीच्या चालवत्यात न्हवं?"

"पट्टी काढा सर, लगेच चालवते."

"गेटवर गाडी उभी हाय मालाची."

"गाडी थांबेल. हात आत गेला तर काय करायचं? हे मला पटत नाही."

आवाज चढवला नाही. पोस्टाच्या खिडकीवर तिकीट मागावं तसं म्हणाली. दोन पावलं पुढे येऊन पट्टीवर बोट ठेवून दाखवलं. शेजारच्या प्रेसवरून गोजरा ओरडली, "हौसेराव, तुमीच बसा नं थोरा येल! एखादं बोट गेला तरी तुमचं नव उरतील!"

सगळा शॉप हसला. हौसेरावांचा चेहरा उतरला. ते आमच्या कोरेगावकडचे, माझ्या माहेरापासून दोन गावं पलीकडे. माणूस वाईट नाही. पण लोक हसले की त्यांना सोसत नाही.

मी तक्ते घेऊन वर आले.

बुधवार, २ फेब्रुवारी

हौसेरावांनी अर्ध्या फुलस्केपवर लिहून दिलं : 'सदर कामगार मला उलट बोलली व मशीन चाळीस मिनिटे बंद ठेवले.' साहेब म्हणाले, "राजेश्वरीबाई, इंग्लिशमध्ये करून आणा. हेड ऑफिसला पाठवायचंय."

'उलट बोलली'ला इंग्रजीत काय म्हणतात? माझा शब्दकोश इंग्रजीवरून मराठीत जातो, मराठीवरून इंग्रजीत नाही. शिवाय शेवटची वीस पानं गेलेली. 'कॉन्ट्रॅडिक्ट' आठवला, पण तो पेपरात मंत्री लोक करतात. 'डिसअॅग्री' फार सभ्य वाटला, आणि त्यात एस एक की दोन ते आठवेना. 'क्वारल' म्हणजे सरळ भांडण. शेवटी 'आर्ग्यू' घातला. लहान शब्द, स्पेलिंगची खात्री होती.

साहेबांनी पेनानं त्याच्या आधी दोन शब्द घातले, 'जाणूनबुजून' आणि 'उद्धटपणे' अशा अर्थाचे. परत टाइप करून दिलं. हौसेराव येऊन खाली सही करून गेले. त्यांना इंग्रजी येत नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर हाय न्हवं, ताई?" मी मान हलवली.

त्यांचा अर्धा फुलस्केप ऑफिस कॉपीच्या मागे टाचणीनं लावला. मूळ कागद मी कधी फेकत नाही. सवय आहे.

शनिवार, ५ फेब्रुवारी

संघमित्राला चार्जशीट दिलं. ती पर्मनंट आहे, म्हणून चौकशी तरी होणार. नसती तर गेटवरच सांगितलं असतं, उद्यापासून येऊ नको.

नियम असा की कामगाराला मराठी प्रतही द्यायची. साहेब म्हणाले, "इंग्लिशवरूनच करा, शब्दाला शब्द." कोशात 'आर्ग्यू'पुढे चार अर्थ आहेत : युक्तिवाद करणे, मुद्दा मांडणे, वाद घालणे, हुज्जत घालणे. आधी 'उद्धटपणे' आलेलं असल्यामुळे त्याला जुळेल असा शेवटचाच घेतला. 'वरिष्ठांशी जाणूनबुजून व उद्धटपणे हुज्जत घातली.'

तिनं उभ्या उभ्या वाचलं. वाचताना ओठ हलतात तिचे.

"ताई, मी हुज्जत घातली?"

"कायद्याची भाषा अशीच असते," मी म्हटलं.

"तुम्ही होतात ना तिथे?"

तेवढ्यात फोन वाजला. फोन झाला तोवर ती सही करून गेली होती. आता निकाल लागेपर्यंत अर्ध्या पगारावर घरी. घरी ती आणि आई, रखमाबाई. दुसरं मिळवणारं कुणी नाही, असं गोजरा सांगत होती.

आज मला नवीन फिरती खुर्ची मिळाली. पाठीचं दोन वर्षं सांगत होते. साहेबांच्या लक्षात होतं म्हणजे. बरं वाटलं.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

शुक्रवारची सुट्टी. गहू निवडले. पाठीला खुर्चीनं फरक आहे, पण घरी ती नाही.

उत्कर्षा कॉलेजचा निबंध लिहीत बसली होती. तिला सहज विचारलं, आर्ग्यू म्हणजे भांडणंच ना?

"असं काही नाही गं आई. आम्हाला प्रश्नातच असतं, अमक्याच्या बाजूनं आर्ग्यू करा. कारणं दिली नाहीत तर मार्क कापतात."

"म्हणजे चांगला शब्द आहे?"

"कारणं देऊन बोललं तर चांगला. नुसतं कुणाशी तरी केलं म्हटलं की भांडण. कोण सांगतंय त्याच्यावर आहे. माझी मैत्रीण म्हणते मी पॉइंट मांडते, तिची मम्मी म्हणते ही आर्ग्यू करते. बोलणं तेच." मग पेनाचं टोपण चावत म्हणाली, "तू कधी केलंयस? बाबांशी?"

हे पेपर वाचत होते. पेपर जरा खाली आला.

"एकदा," मी म्हटलं. "पडद्यांवरून. मी पिवळे म्हणत होते."

"आपले तर निळे आहेत."

"हो. छान आहेत."

हे म्हणाले, "पिवळे लगेच मळतात." ते खरंच आहे.

मंगळवार, १५ फेब्रुवारी

चौकशीची पहिली बैठक. ठाण्याहून वकील आले, ते चौकशी अधिकारी. कंपनीच्या बाजूनं साहेब. कामगाराला आपल्यातला एक जण सोबत घेता येतो, तर संघमित्रानं गोजराला आणलं. वकील म्हणाले, "यांना कामकाज समजेल का?"

गोजरा म्हणाली, "मना इंग्लिश येत नाय साहेब, पन मानूस वलखता येतो. तुमी इचारा."

"बाई, मध्ये मध्ये आर्ग्यू करू नका."

"तो काय असतो?"

"वाद."

"मंग तुमी काय करता ठान्याला?"

वकील हसले. म्हणाले, "आम्ही फी घेऊन करतो." गोजरा म्हणाली, "तसा का! आमी फुकट करतो म्हनून चार्जशीट!" संघमित्रासुद्धा हसली. मला वाटतं, तिथं हसायला नको होतं. साहेब लिहून घेत होते.

मग हौसेरावांची साक्ष. पद्धत अशी : वकील मराठीत विचारणार, हौसेराव मराठीत सांगणार, वकील ते इंग्रजी करून मला सांगणार, मी टाइप करणार. खोलीत सहा माणसं, सहाही मराठी, आणि कागद इंग्रजी.

"ती तुमच्या जवळ आली होती का?"

"दोन पावलं आली जी. पट्टी दावायला."

वकिलांनी इंग्रजीत सांगितलं ते असं : 'ती धमकावत माझ्या अंगावर चालून आली.' पट्टीचं काही सांगितलंच नाही. माझी बोटं क्षणभर थांबली. वकील म्हणाले, "फुलस्टॉप." मी फुलस्टॉप दिला.

प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेलंच असतं : 'मराठीत वाचून दाखवले, समजले.' खाली दोन सह्या, वाचून दाखवणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची. वाचून दाखवणारी मी. साहेब म्हणाले, शेवटच्या दिवशी सगळं एकदम करू. साक्षीदाराची सही तेवढी आज घेतली.

डोकं दुखतंय. आमटी उतू गेली.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

वेगळीच फाइल शोधताना पुतळाचा अपघाताचा रिपोर्ट हाती आला. मागच्या वर्षीचा. एक नंबरच्या प्रेसवर तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट पेरापासून गेलं. कारणाच्या रकान्यात 'कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा.' खाली कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं. माझीच.

तेव्हाही पट्टी होती का, ते रिपोर्टमध्ये नाही. कुणी सांगितलं नाही, म्हणून टाइप झालं नाही.

पुतळा आता पॅकिंगला आहे. नऊ बोटांनी खोकी बांधते, बाकीच्यांपेक्षा भराभर. ती भेटली की मी तिला मुलांचं विचारते.

सोमवार, २१ फेब्रुवारी

साहेबांनी एक पत्र टाइप करायला दिलं. मीच सिनियर असिस्टंट झाल्याचं! एप्रिलपासून. स्वतःचंच पत्र स्वतः टाइप करताना हसू आलं. साहेब म्हणाले, "चौकशी नीट संपू दे, मग सही करतो. सध्या त्याच गडबडीत आहे." बिचारे खरंच गडबडीत असतात.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "बघ, गपचूप काम केलं की देव देतो." उत्कर्षानं मिठी मारली. मग म्हणाली, "पण सही का नाही केली?" तिला सगळ्यातच खोट दिसते.

बुधवार, २३ फेब्रुवारी

संघमित्रा अर्धा पगार घ्यायला आली होती. सुटल्यावर बसस्टॉपवर भेटली. माझ्यासाठी थांबली होती असं वाटलं, पण तसं म्हणाली नाही. दोघी नाल्याच्या वासात उभ्या. बस येईना.

"आई बरी आहे?"

"आहे. म्हणते, माफी लिहून दे."

"मग देऊन टाक ना," मी म्हटलं. "दोन ओळी तर आहेत. मी टाइप करून देते."

"काय लिहायचं ताई? परत पटत नाही म्हणणार नाही, असं?"

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "हुज्जत घातली असती ना, तर मी माफी लिहिली असती. माझ्या आजोबांनी सगळं आयुष्य मान हलवली. वडील बोलायला शिकले, मला त्यांनी शिकवलं. म्हणायचे, कारण सांग, आवाज नको. मी तेवढंच केलं."

बस आली. तिनं मला आधी चढवलं. गर्दीत ती मागे राहिली की मुद्दाम पुढच्या बसनं गेली, कळलं नाही.

सोमवार, २८ फेब्रुवारी

उद्या शेवटची बैठक. सह्या झाल्या की संपलं. झोप नीट नाही. कणिक मळताना शब्द मोजत बसले : वाद घालणे, हुज्जत, तंडणे, तोंड करणे, उलट उत्तर, तोंडाला तोंड. बाईमाणसासाठी केवढे आहेत. मुद्दा मांडणे म्हटलं की डोळ्यांपुढे सदऱ्यातला माणूसच येतो.

मंगळवार, १ मार्च

नीट लिहून ठेवते, कारण काय झालं ते माझं मलाच अजून कळत नाही.

चार वाजता वकिलांनी सगळी पानं पुढे सारली. सव्वीस. "बाई, तळाशी सह्या करा. मग कामगाराच्या घेऊ."

मी पेन काढलं. पहिल्या पानावर ती छापील ओळ. वाचून दाखवले, समजले. मी म्हटलं, "साहेब, अजून वाचायचं राहिलंय."

उदयसिंहसाहेब म्हणाले, "अहो, ती सगळी फॉर्मॅलिटी. यांच्यासमोरच तर झालंय."

"हो, पण वाचून दाखवलं असं लिहिलंय. मी वाचलेलं नाही."

"पाच वाजता वकीलसाहेबांची गाडी आहे."

"मी भराभर वाचते."

मी काही वाद घातला नाही. खालच्या ओळीप्रमाणे काम पुरं करू या, एवढंच माझं म्हणणं होतं. एकवीस वर्षांत न वाचता किती सह्या केल्या असतील, पण आज हात पुढे जाईना. वकिलांनी घड्याळ बघितलं. गोजरानं मांडी घातली. खुर्चीवरच. म्हणाली, "वाच गं बाय. मना कुठं गाडी हाय?"

पहिल्या पानापासून मराठीत वाचायला लागले. आधी आरोप, त्यातली 'हुज्जत'. साक्षीपाशी आले. "ती धमकावत माझ्या अंगावर चालून आली."

भिंतीशी बसलेले हौसेराव उठले. "कोन चालून आलं?"

"संघमित्रा. तुमच्या साक्षीत आहे. खाली तुमची सही आहे."

"म्या न्हाई म्हनलं असं! दोन पावलं आली म्हनलो. पट्टी दावायला. पोरगीच्या जातीवर असलं कशाला घालू मी? मलाबी पोरी हायत."

साहेब म्हणाले, "हौसेराव, बसा. ट्रान्सलेशनमध्ये थोडं इकडंतिकडं होतं."

हौसेराव बसले नाहीत. "आनि हुज्जत कुठनं आली? म्या तर उलट बोलली एवढंच दिलं हुतं लिहून." मग खाली बघून, अगदी हळू, "उलट तरी कशाची. पट्टी काढा म्हनाली. बाया हसल्या म्हनून मला राग आला."

वकील म्हणाले, "मूळ तक्रार इंग्रजीत आहे. त्यात आर्ग्यू आहे."

मी तक्रारीची ऑफिस कॉपी उलटी केली. मागे टाचणीला अर्धा फुलस्केप होता. म्हटलं, "ही मूळ. 'उलट बोलली' यांचं. 'आर्ग्यू' माझं, मला दुसरा शब्द येत नव्हता. 'हुज्जत' पण मीच केलं. तिनं कारण सांगितलं होतं. मी तिथेच होते."

एवढं बोलून पुढचं पान उलटून वाचत राहिले, कारण वाचायची होती. सव्वीसच्या सव्वीस. साडेसहा वाजले. वकिलांची गाडी गेली. हौसेरावांचं म्हणणं त्यांनी नवीन पानावर घेतलं, पट्टीसकट, आणि या वेळी मराठीत. वकील म्हणाले, "लवकर होतं असं." संघमित्रानं सगळ्या पानांवर सह्या केल्या. जाताना माझ्याकडे बघितलं.

घरी पोचले तर यांनी भात लावला होता. विचारलं, उशीर? म्हटलं, वाचायचं होतं.

सोमवार, ७ मार्च

संघमित्रा कामावर आली. आरोप मागे घेतलेला नाही, 'तूर्त स्थगित' असं लिहायला सांगितलं. तिला पॅकिंगला टाकलंय, पुतळाशेजारी. तीन नंबरच्या प्रेसची पट्टी निघाली. खाली जाऊन बघितलं, बटणावर गोंदाचा काळा डाग आहे. एक नंबरवर पट्टी अजून आहे. तक्ते घेताना हौसेरावांना तेवढं सांगितलं. "हां ताई," म्हणाले, आणि खिशातून ब्लेड काढलं.

माझी फिरती खुर्ची अकाउंट्सला गेली. त्यांनाही पाठीचा त्रास आहे म्हणे. सिनियरच्या पत्राचं विचारलं नाही.

गुरुवार, १० मार्च

साहेबांनी बोलावून मेमो सांगितला. मलाच. चौकशीच्या कामात अडथळा आणला, वरिष्ठांशी... तिथे थांबले. मग म्हणाले, "योग्य तो शब्द तुम्हीच घाला. शब्दांचं तुम्हाला जास्त कळतं." आणि निघून गेले. ऑफिसात टाइपिस्ट मी एकटीच, त्यामुळे टाइप मीच करायचा.

जुन्या लाकडी खुर्चीत बसले. कोश काढला आणि न उघडता ठेवून दिला. मी साहेबांना नाही म्हटलं होतं का? म्हटलं होतं. कारण दिलं होतं का? दिलं होतं. पुन्हा तशी वेळ आली तर? रोलरमध्ये कोरा कागद चढवला. मग 'आर्ग्यूड' टाइप केलं. या वेळी तो बरोबर होता.

मग मराठी प्रत. तो नियम मलाही लागतो. तिथे हुज्जत आली नाही, वादही नाही. लिहिलं : 'आपण वरिष्ठांना आपले म्हणणे कारणासह सांगितले.' त्याखाली नेहमीची ओळ आणि दोन सह्यांच्या जागा.

सहा वाजून गेले होते, सगळे गेले होते. मी उभी राहिले आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं. समजलं. दोन्ही ठिकाणी सही केली.